ओली गादी आणि मापाची फीत

२ मार्च

वहिनी,

तू बेटावर सुखरूप पोचलीस, बोट लागली नाही, आणि तिथे तुझ्यासकट चारच माणसं आहेत हे वाचून हसू आलं. इथे माझ्या एवढ्याशा शिवणाच्या दुकानात चार बायका एका वेळी एकाच ब्लाउजवरून भांडतात. तुझं बरं आहे. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, आणि उलट बोलायला कोणी नाही.

तुझं बटण मजेत आहे. शाळेतून आलं की कापडाच्या ढिगात बसतं आणि रिळं रंगावार लावून देतं. सहा वर्षांच्या पोरीला अस्मानी आणि मोरपिशी यांतला फरक कळतो, हा काही तुमच्या माहेरचा गुण नव्हे, हे आत्याचं रक्त आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मीच तिला बटण म्हटलं, आणि आता शाळेतसुद्धा तेच नाव झालंय.

आता एक सांगते, पण घाबरू नकोस. पोरगी अंथरूण ओलं करायला लागली आहे. आठ-दहा दिवस झाले, रोज. तिसरं वर्ष संपलं तेव्हाच ही सवय सुटली होती ना? मग आता काय झालं? मला विचारशील तर लाड. आई दूर गेली म्हणून सगळे तिला डोक्यावर बसवतात, मीसुद्धा. रागावून पाहिलं. मान खाली घालून उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गादी चिंब.

गादी मी मागच्या गच्चीवर टाकीच्या आड वाळत घालते. पुढच्या कठड्यावर घातली तर समोरची घड्याळजीची बायको सगळ्या गल्लीला बातमी देईल. काल तिने विचारलंच, "रोज रोज कसली गादी वाहून नेता?" मी म्हटलं, ढेकूण झालेत. आता माझ्या घरात ढेकूण आहेत ही बातमी फिरतेय.

तू तुझ्या कामाकडे लक्ष दे. मी वठणीवर आणते तिला.

तुझी वन्सं


८ मार्च

वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र आजच्या बोटीने आलं. दोनदा वाचलं, मग हवामानाचा फुगा सोडायची वेळ झाली म्हणून बाहेर गेले, आणि वर जाणाऱ्या फुग्याकडे बघता बघता रडू आलं. इथले प्रमुख म्हणाले, डोळ्यांत वाळू गेली असेल. मी हो म्हटलं.

वन्सं, तिला रागावू नका, एवढं माझं ऐका. मूल हे मुद्दाम करत नाही. झोप गाढ असते, लघवी लागल्याची खूण मेंदूपर्यंत पोचत नाही, एवढंच. आमच्या आळीत दोन मुलं होती अशी, दोन्ही मोठी होऊन नीट संसार करताहेत. झोपायच्या आधी एकदा मोरीत पाठवा, आणि मोरीच्या वाटेवर दिवा राहू द्या, तिला अंधाराची भीती वाटते. चादरीखाली रबरी कापड घाला. सकाळी चादर बदलताना तिलाही एक टोक धरायला सांगा, पण शिक्षा म्हणून नाही, अंथरूण घालताना धरतो तसं. आणि कोणासमोर बोलू नका.

खरं कारण मला ठाऊक आहे. मी गेले. दिवसा ती हसते, खेळते, आणि झोपेत तिला आई आठवते. ती तोंडाने बोलत नाही, पण मला कळतं. हे यांच्या जाण्यानंतर मिळालेलं पहिलं धड काम आहे, सहा महिने पक्की व्हायला लागतील, हे सगळं मनाला समजावते, आणि मन ऐकत नाही. तुम्ही म्हणालात तर पुढच्या बोटीने परत येते.

एक विचारू? यांना लहानपणी असं होतं का? असं घराण्यात असतं म्हणतात.

बटणाला सांगा, इथल्या कोंबडीने आज माझ्या टोपीत अंडं घातलं.

तुमची वहिनी


१५ मार्च

वहिनी,

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगू? रागही आला. "मी गेले म्हणून" म्हणजे काय? माझ्या घरात पोरीला काय कमी आहे? माझ्या पोटी मूल नाही म्हणून मला मूल सांभाळता येत नाही, असं तुला म्हणायचं नसेल, पण वाचताना तसं लागलं. आणि माझ्या धाकट्या भावाला असलं काही नव्हतं. आमच्या घरात कोणाला नव्हतं.

परत यायची भाषा करू नकोस. तू सांगितलंस ते सगळं केलं. रबरी कापड आणलं, वाटेवर दिवा ठेवला, रागावणं बंद केलं. मी दुकान आवरून वर येते तेव्हा तिला उठवायला जाते, तर ती आधीच ओली असते. आणि थोडंथोडकं नाही गं, गादीतून खाली ठिपकतं. एवढं येतं कुठून म्हणून मी लक्ष ठेवलं. येतं कुठून म्हणजे? पोरगी पाणी ढोसते! तांबेच्या तांबे. म्हणून आता शाळेतून आल्यावर पाणी बंद. जेवताना दोन घोट, बस्स.

तर तिने काय करावं? इस्त्रीच्या टेबलावर कपड्यांवर शिंपडायचं पाणी असतं ना, पत्र्याच्या भांड्यात? मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते, मागे वळून बघते तर बाईसाहेब ते भांडं तोंडाला लावून उभ्या! त्यात खळ कालवलेली होती. मी हात धरला तर म्हणते, "आत्या, एकच घोट." इतकं रडली की गिऱ्हाईक माझ्याकडेच वाईट नजरेने बघायला लागलं. शाळेच्या बाईंनीही चिठ्ठी दिली आहे, वर्गात सारखी बाहेर जायचं म्हणून बोट वर करते. सगळा हट्टीपणा.

तिच्यासाठी अस्मानी फ्रॉक शिवला. आणि गंमत बघ, तीस वर्षांत पहिल्यांदा माझं माप चुकलं. कमरेत ढगळ झाला. उसवून आत घेतला, आठवड्याने बघते तर पुन्हा ढगळ. पुन्हा मोजली तर कंबर आधीच्या मापापेक्षा कमी. शेवटी लक्षात आलं, माझी मापाची फीत जुनी, ताणली गेली असणार, म्हणून कंबर कमी भरते. नवी मागवली आहे.

कोंबडीचं सांगितलं. हसली, पण लगेच दमली.

वन्सं


२१ मार्च

वन्सं,

घाईत लिहिते आहे, बोट थांबली आहे.

पाणी बंद करू नका. कृपा करून. मला का ते नीट सांगता येत नाही, पण ते खळीचं भांडं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हट्टाला पाणी लागत नाही, हट्टाला खाऊ लागतो, बाहुली लागते. खळीचं पाणी कोणी हट्टाने पितं का?

ती जेवते का? खेळते का? तुम्ही "लगेच दमली" असं लिहिलंत, ते कशामुळे?

आणि फितीचं. आमच्याकडे एक थर्मामीटर वेगळंच सांगायला लागला तर त्याला लगेच खोटं ठरवत नाहीत, दुसऱ्याशी ताडून बघतात. कापडवाल्याकडे लोखंडी गज असतो, त्यावर तुमची फीत धरून बघा. आणि बटणाची उंची मोजा. फीत ताणली असेल तर उंचीही कमी भरायला हवी. नुसती कंबरच कशी कमी भरेल?

मला वेडी म्हणा, पण एवढं करा आणि लगेच लिहा. इथून बोट आठवड्यातून एकदाच जाते, तीही समुद्राच्या मर्जीने. मी धक्क्यावर उभी असेन.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला. मग विचार केला, पोरीची आई आहे, जीव तुटणारच. तेव्हा ऐक, मी आज तुला खरं सांगते, म्हणजे तुझा घोर मिटेल.

माझ्या धाकट्याला होतं. दहाव्या वर्षापर्यंत. आमची आई त्याची चादर कोणी उठायच्या आत धुवायची, आणि आम्हा सगळ्यांना दम होता की घराबाहेर अक्षर जाता कामा नये. तुमचं लग्न ठरलं तेव्हाही तिने मला परत बजावलं. म्हणून मागच्या पत्रात मूग गिळून बसले. तुझा नवरा पुढे पट्टीचा पोहणारा झाला, ते तुला माहीतच आहे. म्हणजे हे त्याच्याकडून आलंय, आणि त्याचं गेलं तसं हिचंही आपोआप जाईल. हे लिहिताना मलाच हलकं वाटतंय. आता मी काळजी सोडली, तूही सोड.

पाणी थोडं सैल केलं आहे, तुझ्या शब्दाखातर. पण सगळं सोडलं नाही, नाहीतर माझ्या घराचं तळं होईल.

जेवते का म्हणून काय विचारतेस? लांडग्यासारखी जेवते. माझ्या ताटातलंही उचलते. तरी अंगाला लागत नाही, गालफडं बसलीत. उंच होताना मुलं अशीच वाळतात. या दोन दिवसांत मात्र खाणं जरा कमी आहे, पोट दुखतं म्हणते. शाळेत पाठवलं नाही. दिवसभर कापडाच्या ढिगावर झोपून असते. बरंच झालं, रिळं तरी जागेवर राहतात.

ता. क. कापडवाल्याकडे जाऊन फीत गजावर धरली. तंतोतंत बरोबर निघाली, मलाच हसला तो. बटणाची उंचीही मोजली, ती वाढली आहे जराशी. म्हणजे फीत खरी आणि माझा हातच चुकला. वय झालं, दुसरं काय.

वन्सं


२ एप्रिल
(बिनतारी संदेश, हवामान कचेरीमार्फत)

वादळाची सूचना. तातडीने हाती द्यावी. मुलीला याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या. रक्तातली साखर तपासायला सांगा. मागेल तितकं पाणी द्या. माझ्या पत्राची वाट पाहू नका. शिवण तिथेच टाका आणि निघा.


४ एप्रिल

वहिनी,

आधी एवढंच वाच. ती जिवंत आहे. शुद्धीवर आहे. आज सकाळी तिने मला ओळखलं.

आता बाकीचं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

परवा दुपारी हवामान कचेरीचा माणूस सायकल टाकून धावत आला. "वादळाची सूचना" म्हणून ओरडला, तर घड्याळजीची बायको खिडक्या लावायला लागली. मी कागद वाचला आणि माझं धाबं दणाणलं. ढिगाकडे गेले. बटण जोरजोरात श्वास घेत होतं, जिना चढून आल्यासारखं, आणि झोपलेलं होतं. तोंडाला वास येत होता, पिकून उतरलेल्या फळासारखा. मी सकाळपासून तो वास घेत होते गं, आणि मला वाटलं शेजारी कोणीतरी फळं नासवलीत. हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिला उचललं. वहिनी, कापडाचा ताका याहून जड असतो.

घड्याळजीने गाडी मिळवली. त्याची बायको माझ्याबरोबर बसली, पोरीचे पाय मांडीवर घेऊन, आणि सबंध वाटेत एक चौकशी केली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मी "साखर तपासा" म्हटल्यावर त्यांनी पोरीचा श्वास हुंगला आणि नर्सला पळवलंच. मधुमेह. सहा वर्षांच्या मुलाला! मी म्हटलं, हा म्हाताऱ्यांचा रोग ना? त्या म्हणाल्या, मुलांना होतो तो वेगळा आणि झपाट्याचा. साखर रक्तात साचते, ती लघवीतून बाहेर पडते, जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून अंथरूण, म्हणून हडकणं. अंथरूण ओलं करणारी शंभर मुलं आली तर बहुतेकांना काही झालेलं नसतं, पण बरेच दिवस कोरडं राहणारं मूल अचानक भिजवायला लागलं, आणि सोबत तहान असली, तर थांबायचं नसतं. आणि पाणी कधी तोडायचं नसतं.

मी विचारलं, मी पाणी बंद केलं म्हणून झालं का? त्या म्हणाल्या, रोग त्याने झाला नाही. मग म्हणाल्या, पण आज संध्याकाळ उलटली असती तर काही सांगता आलं नसतं. त्या खोटं बोलल्या नाहीत, हे बरं केलं.

"आत्या, एकच घोट," म्हणाली होती ती. आणि मी भांडं काढून घेतलं.

आता रोज सुई टोचावी लागणार. जन्मभर. तू तिला माझ्याकडून घेऊन जाणार असशील तर मी तोंडातून शब्द काढणार नाही.

वन्सं


१० एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र हातात आहे. पहिली ओळ वाचून धक्क्यावरच खाली बसले.

तुमचं फितीचं पत्र आलं त्या दिवशी बोटीबरोबर डॉक्टर आले होते, आमची तपासणी करायला. रक्तदाब बघताना म्हणाले, एवढा का वाढलाय? मी तुमची सगळी पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. ते शेवटच्या ता. क.पर्यंत आले, पट्टा माझ्या दंडाला तसाच सोडून उठले आणि म्हणाले, पत्र पाठवू नका, वेळ नाही. बिनतारीवरून खासगी शब्द गेला तर इथे नोकरी जाते. शिवाय साधा संदेश कचेरीत दोन दिवस पडून राहतो, वादळाची सूचना तेवढी धावत नेऊन देतात. मी प्रमुखांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं, बिनतारीपुढची खुर्ची सोडली आणि कोंबडीला दाणे टाकायला गेले. वरून अजून विचारणा झालेली नाही. झाली तर होऊ दे.

तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मीही सांगते. खळीचं भांडं आठवलं की मला तुमचा राग येतो. इतका, की परवा तुम्हाला लिहिलेलं एक पत्र मी फाडून टाकलं. आणि मग माझं पहिलं पत्र आठवतं. तुम्हाला वाटलं, ती तुमच्या घराला नावं ठेवतेय. मला वाटलं, ती माझ्यासाठी झुरतेय. वन्सं, मला ते आवडलंही होतं कुठेतरी. दोघींनी ती ओली चादर आपल्यालाच उद्देशून आहे असं धरलं. पोरीला नुसती तहान लागली होती.

माझ्या जागी माणूस येतोय, पुढच्या बोटीने येते. ती कुठे राहील, ते तिला बघितल्यावर ठरवू. आत्ता मला काही ठरवता येत नाही.

वहिनी


११ सप्टेंबर

वहिनी,

तुझी बिनपगारी रजा संपून तुला परत बेटावर जाऊन पंधरवडा झाला आणि मी अजून तुझ्यामागे दार लावून घेतलेलं नाही, असं वाटतं. तू बटणाला माझ्यापाशी ठेवून गेलीस. जिन्यात हे बोलायचं राहिलं, कारण तू रडत होतीस आणि मी तुझ्यावर खेकसत होते. आता लिहिते. तू ठेवलंस. मला ते जन्मभर पुरेल.

सुई मीच देते. पहिल्या दिवशी तीनदा सुई उचलून खाली ठेवली, तू बघितलंसच. तीस वर्षं सुई हातात धरलेली बाई, आणि पोरीचाच मला धीर, "आत्या, टीप सरळ घाल!" आता जमतं. जेवणाची वेळ चुकत नाही. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी भरून असतो, आणि इस्त्रीच्या पाण्यात मी खळ घालत नाही. का ते तुला सांगायला नको.

पण पत्र लिहायला बसले ते आज सकाळी जे झालं त्यामुळे.

चादर उचलली आणि हाताला ओल लागली. इतक्या महिन्यांनी. वहिनी, मी पलंगाची दांडी धरून उभी राहिले. बटण जागं होतं. तिने माझ्या तोंडावरची भीती वाचली आणि विचारलं, "पुन्हा दवाखाना?" मी म्हटलं, "आधी नळी."

निळं औषध नळीत घेतलं, तिच्या लघवीचे थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. साखर असली की ते हिरवं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल होतं, हे आता मला माझ्या रिळांइतकं पाठ आहे. उकळी फुटली. मी बघेना. मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. बटण खाली उतरलं, खोक्यातून एक रीळ काढलं, आणि नळीशेजारी धरून म्हणालं, "अस्मानी."

मी बघितलं. अस्मानीच. जरासुद्धा हिरवी झाक नाही.

तरी डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी रक्त तपासलं, पाणी किती पिते विचारलं, वजन केलं. वाढलंय! मग हसल्या. म्हणाल्या, काल दमली असेल, गाढ झोपली, बाकी काही नाही. वडिलांना होतं ना? मग अधूनमधून होईल, मोठी झाली की जाईल. म्हणजे माझ्या धाकट्याचंच ते. माझ्या भावाचं, वहिनी. वाटेभर मी तिचा हात सोडला नाही.

घरी आल्यावर दोघींनी मिळून चादर बदलली, एक टोक तिने धरलं. मग मी गादी उचलली. मागच्या गच्चीकडे वळले होते, आणि पाय थांबले. तशीच पुढे आले आणि रस्त्याकडच्या कठड्यावर टाकली, डाग बाहेरच्या बाजूला. समोरून घड्याळजीची बायको ओरडली, "काय झालं हो? बटण बरं आहे ना?" बिचारीचा चेहरा पांढराफटक.

मी कठड्यावरून वाकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "बरं आहे! नुसतं अंथरूण ओलं केलंय!"

तुझी वन्सं